टोपीला चालेल असं कुंपण

प्रिय शहाणे,

फोन करू नकोस म्हणालीस, निरोप धाडू नकोस म्हणालीस, तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला गाठून चौकशा करू नकोस असंही म्हणालीस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस. हल्ली कुणी पत्र लिहितं हे तुझ्या डोक्यातच आलं नसणार. तेव्हा मी शब्द मोडला असं म्हणू नकोस. तू फट ठेवलीस, मी आत आलो. आणि इतके महिने मी शब्द पाळलाय हेही जरा लक्षात घे. रांगेत दोन माणसं पुढे असली तरी ज्याला दम निघत नाही, तो मी गप्प बसलो. हे पत्र रविवारी तू घरी यायला निघण्याआधी तुझ्या हातात पडायला हवं. का, ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू मधलं वाचायची नाहीस, आणि मधलं वाचल्याशिवाय शेवटाला काही अर्थ नाही.

तर बातमी अशी, की तुमच्या नव्या घराच्या अंगणात मी खड्डे खणलेत.

दचकू नकोस. आपणहून गेलेलो नाही. मी आता एका नर्सरीत कामाला आहे, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच, लोकांना दुसरं काय काम असतं. मालकीणबाईंना सगळे मामी म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. एका सकाळी मामींनी नव्या कामाचा पत्ता मोठ्याने वाचला, गिऱ्हाईक कोण तर ड्रायव्हिंग स्कूलवाले, म्हणजे तुझे बाबा, आणि माझ्या हातातली पाण्याची नळी माझ्याच बुटात रिकामी झाली. हे काम मला नको, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. तू ट्रेनिंगला, तुझ्या बाबांना मी तुझा कोण ते माहीत नाही, आणि तुझे ससे, टोपी आणि हवालदार, तिथे आहेत. मला फक्त त्या दोघांना बघायचं होतं. हे खरं आहे. तुझी खिडकी कुठली ते बघायचं होतं, हे जरा जास्त खरं आहे.

अंगण तू अजून नीट पाहिलं नसशील. घर बांधणाऱ्याने सगळा राडारोडा तिथेच पुरलाय. फावडं मारावं तिथे विटेचा तुकडा, नळाचा तुकडा, एका ठिकाणी तर अख्खी चप्पल निघाली. भिंत गुडघ्याएवढी. सशांचा पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे, आणि संध्याकाळी तुझे बाबा दोघांना मोकळं सोडतात. स्वतः पायरीवर बसून गाजराच्या चकत्या करतात. तुझ्यासमोर ते सशांना नुसती कटकट म्हणतात ना? एकदा आडोशाने बघ. चकत्या एकसारख्या व्हाव्यात म्हणून चष्मा लावतात.

आता मुद्दा. भिंत बुटकी, बाहेर कुत्री, म्हणून तुझ्या बाबांना तिन्ही बाजूंनी दाट कुंपण हवं होतं, आणि तेही तू यायच्या आत. म्हणजे हेतू सशांच्याच काळजीचा. त्यांनी कागदावर नकाशा काढून आणला, त्यांच्या शिकवणीत काढतात तसा, बाण वगैरे दाखवून. मामींनी तो माझ्यासमोर ठेवला. तिन्ही बाजूंना कण्हेर. फाटकाच्या दोन्ही अंगांना घाणेरी, कारण रंगीबेरंगी दिसते. आणि स्वयंपाकघरापाशी अव्होकाडो, कारण कुठल्याशा मासिकात हृदयाला चांगला म्हणून लिहिलं होतं. शहाणे, शंभर झाडांतून डोळे मिटून तीन उचलली असती तरी सशांच्या इतकी मुळावर आली नसती. कण्हेरीचं पान, फूल, काडी, वाळून खाली पडलेला पाला, सगळं विष. घाणेरी यकृत खाते. अव्होकाडो माणसाच्या हृदयाला असेल चांगला, पण त्याचं पान सशाचं हृदय बंद पाडायला पुरतं. आणि सशाला ओकता येत नाही हे तर तूच मला शिकवलंस, प्रयोगशाळेच्या मागच्या कट्ट्यावर. एकदा पोटात गेलं की गेलं. त्या क्षणी मी एकच ठरवलं. तू रविवारी फाटक उघडशील तेव्हा दोघं तुझ्या पायात यायला हवेत, आणि त्या अंगणात त्यांचा जीव घेईल असं एकही पान नसायला हवं. मग नोकरी राहो की जावो.

कण्हेर तुझ्या बाबांच्या डोक्यात कुठून आली तेही मला नंतर उमगलं. महामार्गाच्या दुभाजकावर सगळीकडे तीच असते. आयुष्यभर ते शेजारच्या सीटवर बसून नवशिक्यांना गाडी शिकवतात आणि उजव्या बाजूला मैलोन्‌मैल गुलाबी फुलं मागे पळताना बघतात. पाणी लागत नाही, निगा लागत नाही, जनावर तोंड लावत नाही. जनावर का तोंड लावत नाही, हा विचार करायला गाडी थांबवावी लागते.

मामींना मी सांगितलं. त्या पावती लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, गिऱ्हाईक कण्हेर मागतं, आपण कण्हेर देतो, सल्ला मागितला तर सल्ला देतो, न मागता सल्ला फक्त सासू देते. मी म्हटलं, मामी, दोन मुके जीव मरतील. त्या म्हणाल्या, मग गोडीने सांग. मी आणि गोडीने. त्यांनाही ते बोलल्याबरोबर कळलं असावं, कारण त्यांनी लगेच मला परत हाक मारली होती, पण तोवर मी सायकलवर टांग टाकली होती.

तुझे बाबा अंगणात दोरी लावून कुंपणाची रेघ आखत होते. मला बघून डोळे बारीक केले. तू तोच ना, म्हणाले, गाडी चालू ठेवून सिग्नलला उतरलेला, सायकलवाल्याशी भांडायला? मी तोच. तू मला त्यांच्या शिकवणीत नाव घालायला लावलं होतंस, आठवतं? म्हणे ओळख होईल. झाली. गाडी गिअरमध्ये होती आणि पुढे निघाली होती, त्यांच्या पायाखालच्या दुसऱ्या ब्रेकने ती वाचली, आणि त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. तर सुरुवात अशी. तरी मी कण्हेरीचं सगळं सांगितलं, अगदी सुरुवातीला बऱ्याच हळू आवाजात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा शांतपणा तुला माहीत आहे, समोरच्याला त्यात आपलाच आरडाओरडा ऐकू येतो. मग म्हणाले, जनावराला उपजत कळतं काय खावं आणि काय नाही. मी म्हटलं, रानातल्याला कळतं, पाळलेल्याला नाही. ते म्हणाले, तू कुठे शिकलास हे? मी म्हटलं, कॉलेजात. पूर्ण केलंस का, त्यांनी विचारलं. झालं. माझ्या कानशिलात काहीतरी फुटलं. मी त्यांना म्हणालो, मग एखादं पोर पेट्रोलपंपावर सोडून बघा, त्यालाही उपजत कळेल काय प्यावं ते. त्यांनी दोरीची गुंडाळी केली, घरात गेले आणि मामींना फोन केला.

मामींनी मला त्या कामावरून काढलं आणि शेडमध्ये पिशव्यांत माती भरायला बसवलं. कण्हेरीची रोपं मागवलीच होती, ती आली, छाटून शेडच्या तोंडाशी लावून ठेवली, आणि मी माती भरता भरता दिवसभर त्यांच्याकडे बघत बसलो. माझ्याच्याने एका जागी राहवेना. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता सायकल काढायची आणि गावभर फिरायचं. मला सवयच लागली, दिसेल ते झाड सशाच्या नजरेने बघायचं. बँकेच्या दारातलं क्रोटन, नको. दवाखान्याच्या आवारातला चाफा, तुझा लाडका, फांदी मोडून बघितली, पांढरा चीक भळभळ वाहिला, नको. बागेतला धोत्रा, शत्रूच्या अंगणातही नको. गुलाब चालेल, पाकळ्यासुद्धा चालतील, आणि काट्यांमुळे कुत्री जपून असतील. पेरूची पानं चालतील. बांबू चालेल. आणि जास्वंद. जास्वंद चालेल असं नाही, जास्वंद टोपीला आवडेल. भराभर वाढते, दाट होते, छाटलं की आणखी दाट होते, आणि छाटलेलं सगळं त्या दोघांच्या पोटात. अव्होकाडोच्या जागी तुती. पाला सशांना, फळं तुला, जांभळ्या जिभेने तू हसशील ते बघायला कोण असेल कोण जाणे. मी हे असं फिरत राहायचो आणि प्रत्येक खिडकीत कुंडी दिसली की मनात यायचं, तिकडे ट्रेनिंगमध्ये तुला कुणी कुंडी आणून दिली असेल का, आणि दिली असेल तर कसली. हस. तुझ्या खिडकीत शेवंती असो की निवडुंग, मला राग त्या झाडाचा येत नव्हता.

तू का गप्प झालीस हे मला कळत नाही असं नाही. विभागप्रमुखांनी तुझी हजेरी कापली आणि मी त्यांच्या खोलीत जाऊन टेबलावरची कागदं उडवली, आणि मग ते म्हणाले माफी माग, आणि मग मी म्हणालो तुमचं कॉलेज तुम्हाला लखलाभ. बाहेर येऊन मला वाटलं होतं तू निदान हात तरी धरशील. तू म्हणालीस, मला विचारलं होतंस का? मी तुझ्यासाठी भांडलो आणि तू मलाच तो प्रश्न विचारलास, याचा मला किती दिवस राग होता. अजूनही त्या माणसाचं चुकलं होतं असंच मी म्हणतो. पण तुझा प्रश्न वेगळा होता, आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही, दाढेत अडकलेल्या बडीशेपेसारखा. जीभ सारखी तिथेच जाते.

असो. कण्हेर पोचवायच्या दिवशी टेम्पोबरोबर जाणाऱ्या दादाची कंबर धरली. खरोखरच धरली, मी काही केलेलं नाही. मामींनी शेडकडे बघितलं, तिथे मी एकटाच. नुसती लावून यायची, म्हणाल्या, तोंड उघडायचं नाही. मी मान डोलावली आणि टेम्पो भरायला लागलो. कण्हेरीच्या पिशव्या शेडच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी त्यांना वळसा घातला आणि मागच्या वाफ्यातली जास्वंद भरली. तीही छाटलेली, फूल एकाही रोपाला नाही, आणि दुभाजकावरून फुलं ओळखणाऱ्या माणसाला पान काय कळणार. फाटकाची घाणेरी आणायची राहिली म्हणायचं, तिच्या जागी गुलाब टाकले. अव्होकाडोचं कलम मात्र नाइलाजाने घेतलं, ते त्यांनी स्वतः येऊन पसंत केलं होतं. टेम्पो सुरू झाला तेव्हा मामी दारात उभ्या होत्या. जास्वंदीचा वाफा आज उघडाबोडका दिसतोय, म्हणाल्या. मी काहीच बोललो नाही, तोंड उघडायचं नाही असं त्यांनीच सांगितलं होतं. दुपारपर्यंत परत ये, म्हणाल्या, नाहीतर येऊच नकोस.

तुझे बाबा घरात होते, फोनवर कुणाशी तरी बोलण्याचा आवाज येत होता. मी खाली मान घालून कामाला लागलो. खड्डा खणायचा, पिशवी फाडायची, मातीचा गोळा न फुटू देता खड्ड्यात ठेवायचा, शेणखत, माती, पायाने दाबायचं, पुढे. दोन बाजू झाल्या. तिसऱ्या बाजूच्या कोपऱ्यात होतो तेव्हा मागे कुरकुर आवाज झाला. टोपीने पिंजऱ्याची कडी नाकाने उचलली होती. तीच तिची जुनी कला. सगळ्यात पहिल्या रोपाशी बसली होती आणि एक पान तिच्या तोंडात देठापासून सरकत आत चाललं होतं, यंत्रात कागद जातो तसं. मला इतकं बरं वाटलं, की मी फावड्यावर रेलून नुसता बघत राहिलो. आणि तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि तुझे बाबा अनवाणी धावत आले.

तू तुझ्या बाबांना धावताना कधी पाहिलंयस? मी म्हणतो कुणीच पाहिलं नसेल. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चष्मा. ओल्या मातीत गुडघे टेकून बसले, टोपीचं तोंड धरलं आणि बोट घालून पान बाहेर काढायला लागले. ती कडकडून चावली. तरी सोडेनात. माझ्याकडे बघून ओरडले, "बघतोस काय, धर तिला, पोटात गेलं तर काही करता येत नाही." शहाणे, त्यांचा आवाज फुटला होता. मला काय सुचलं असेल? मला त्यांची दया आली, टोपीची काळजी वाटली, तिचा जबडा त्यांच्या मुठीत होता, आणि मी म्हणालो, "सोडा, टोपीला खाऊ द्या. जास्वंद आहे ती."

मग काही वेळ फक्त त्यांच्या फोनमधला माणूस हॅलो हॅलो करत होता. तो जनावरांचा डॉक्टर होता. माझं पेट्रोलपंपाचं बोलणं त्यांना झोंबलं होतं म्हणे, कामाच्या माणसाने असं तोंडावर बोलावं याचं, आणि मला खोटं पाडायला म्हणून त्यांनी त्याला फोन लावला होता. कण्हेर नको, हे सांगायलाच ते बाहेर येत होते. फोन बंद करून ते तिथेच मातीत बसले. टोपीने दुसरं पान धरलं. त्यांनी एक पान तोडून उलटसुलट करून पाहिलं, मी कण्हेर मागितली होती म्हणाले, मी हो म्हटलं. मग बोटाचं रक्त रुमालाने पुसत बसले, बराच वेळ, आणि मान वर न करता म्हणाले, "टोपी कोण?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं मी काय बोलून गेलो ते. ते सावकाश म्हणाले, की या घरात सशांना नाव नाही. नाव ठेवलं की जीव लागतो म्हणून त्यांनीच नाव ठेवायला बंदी केली. ते स्वतः पांढरी आणि काळा म्हणतात. तिला टोपी म्हणणारं एकच माणूस या घरात आहे, आणि तेही बाबा घरात नाहीत असं समजून म्हणतं. त्यांना सगळं ऐकू येतं, शहाणे. तू समजतेस त्याच्यापेक्षा फार जास्त ऐकू येतं. माझ्या जिभेवर चार-पाच थापा आल्या होत्या. शेजारच्यांनी सांगितलं, ससे बघून सुचलं, काहीही. एकही निघाली नाही. मी म्हटलं, आम्ही कॉलेजात ओळखायचो. ओळखायचो, असं त्यांनी एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. कॉलेज का सोडलंस ते विचारलं, मी सांगितलं, कागदं उडवल्यासकट. मला वाटलं आता फावडं माझ्यावर येणार. ते म्हणाले, "गाडी तू बरी चालवायचास. फक्त रस्त्यावर दुसरं कुणी नसायला हवं होतं."

आणि मग ते विचारलं त्यांनी. म्हणाले, तुझं काय आहे ते दिसतंच आहे, तिचं काय आहे? हो म्हणायला मला किती वेळ लागला असता? अर्धा शब्द. तुझी सगळी जुनी वाक्यं मला पाठ आहेत, त्यातलं एखादं जरी काढून दाखवलं असतं तरी पुरलं असतं. आणि दुसरीकडे तुझे हे गप्प महिने. मी एका हातातलं खुरपं दुसऱ्या हातात घेतलं, परत पहिल्यात घेतलं. मग म्हणालो, "ते तिलाच विचारा." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. बरं, एवढंच म्हणाले, आणि उठून आत गेले. बोटाला पट्टी बांधून परत आले ते कोपऱ्यातल्या अव्होकाडोच्या कलमाकडे बोट दाखवत, हा पण का, म्हणून. मी म्हटलं, हा तर आधी. त्यांचा चेहरा एवढासा झाला. ते झाड त्यांनी किती प्रेमाने निवडलं होतं. त्यांनी स्वतः ते उचलून टेम्पोत ठेवलं, वाटेत मोडू नये म्हणून दोरीने बांधलं, आणि त्याच्याऐवजी काय ते विचारलं. दुसऱ्या दिवशी मी तुती घेऊन गेलो. पाणी त्यांनी घातलं. दुपारपर्यंत परत ये म्हणालेल्या मामींनी शेडच्या तोंडाशी राहिलेली सगळी कण्हेर माझ्याकडून उचलून रस्त्याच्या कामवाल्यांच्या ट्रकमध्ये चढवून घेतली, एकट्याकडून.

आता हे पत्र का, ते. रविवारी तुला घ्यायला स्टेशनवर तुझे बाबा स्वतः येणार आहेत आणि घरी येईपर्यंतच्या रस्त्यात तुला विचारणार आहेत. तसं त्यांनी मला सांगितलंय. तुझ्यावर ते अचानक येऊन आदळू नये, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. मी तुझ्या वतीने हो म्हटलेलं नाही आणि नाही असंही म्हटलेलं नाही. गाडी चालवताना ते माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, समोर बघतात, तेव्हा तुला जे असेल ते सांगता येईल. मला वाईट वाटेल म्हणून काही बोलू नकोस, आणि ते रागावतील म्हणून काही गिळू नकोस. माझा जीव इथे कसा होतोय हे मी लिहिणार नव्हतो, आणि लिहीत नाही. कुंपण राहीलच, ते तुझ्या उत्तरावर अवलंबून नाही. आता एकच काम उरलंय. तुती कोवळी आहे आणि हवालदार साल सोलतो, म्हणून तिच्या बुंध्याला तारेची जाळी बसवायची आहे, सोमवारी. त्यासाठी कुणाला पाठवायचं ते तुझे बाबा सकाळी मामींना फोन करून सांगणार आहेत. त्यालाच पाठवा म्हणाले, तर मी येईन. कुणीही चालेल म्हणाले, तरी जाळी बसेल, दादाची कंबर आता बरी आहे आणि तो माझ्यापेक्षा नीट बसवतो. मी सोमवारी सकाळी मामींच्या फोनजवळच्या कुंड्या पुसत असेन. त्या कुंड्या कुणी कधी पुसत नाही.

तुझाच (हे खोडून पाहिलं, खोडवत नाही),
तडतड्या